तोफेच्या तोंडचं बूच

१

ट्रे रिकामा केलेला, पुसलेला आणि पालथा घालून ठेवलेला होता. चोरीनंतर जागा इतकी नीटनेटकी राहिल्याचं आत्यानं सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. चोर चांगल्या वळणाचा असावा असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं, कारण या इमारतीत सगळेच चांगल्या वळणाचे होते.

आत्या म्हणजे गुन्हे शाखेतून निवृत्त झालेल्या बाई. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ हा विनोद सहकाऱ्यांनी तिला निरोप समारंभातही ऐकवला होता आणि ती हसलीही होती, कारण चहा यायचा होता. आज संग्रहालयात तिला बोलावलं होतं ते घरचं माणूस म्हणून. पोलिसांच्या मागोमाग वर्तमानपत्रवाले येतात. आत्याच्या मागोमाग कुणी येत नाही. आणि ज्या प्रयोगशाळेत चोरी झाली ती तिची सख्खी भाची सांभाळत होती.

खिडकीतून खालच्या दालनात जहाज दिसत होतं. तीनएकशे वर्षं बंदराच्या गाळात पडलेलं हे लढाऊ जहाज वर काढलं, तेव्हापासून त्याच्यावर पाण्याचे फवारे सोडलेले होते. एवढं मुरलेलं लाकूड एकदम सुकलं तर तडकतं. आंघोळ काही संपत नाही म्हणून कर्मचारी जहाजाला ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होती. शत्रूनं वेढलं, पाणी कमरेला लागलं, तरी कप्तान तोफ डागत राहिला. शेवटचा गोळा सुटला तेव्हा तोफेचं तोंड तेवढं पाण्यावर होतं. आता म्हातारीच्या अंगाला शत्रूच्या गोळ्याचं एकही भोक नव्हतं, हे खरं. पण एवढं पाणी उडत असताना कोण बघतो?

बाकीच्या तोफा त्या काळीच बुडी मारणाऱ्या माणसांनी काढून नेल्या होत्या. पुढच्या टोकाची एक लहान तोफ राहिली, आणि शेवटचा गोळा सुटला तो हिच्यातून, असं पुस्तकात चित्रासकट छापलेलं. गेल्या महिन्यात तिचं तोंड साफ करताना आत घट्ट बसलेलं मुठीएवढं लाकडी बूच निघालं. प्रवासात तोफेत पाणी शिरू नये म्हणून असं बूच ठोकतात आणि लढाईत सगळ्यात आधी ते काढतात. म्हातारीनं काढलं नव्हतं. शेवटचा गोळा सोडा, पहिलाही सुटला नव्हता. आपल्याच बंदरात, आपल्याच लोकांसमोर ती कलंडून बुडाली होती.

हे प्रयोगशाळेत ये-जा असलेल्या चौघांनाच माहीत होतं: भाची, संचालक, कप्तानांचे वंशज, आणि ती गोष्ट लिहिणारे इतिहासाचे सर. बूच उद्घाटनाला लोकांसमोर ठेवायचंच, असा भाचीचा हट्ट होता. सोमवारी बूच गेलं.

“रविवारी उद्घाटन आहे,” संचालक म्हणाले. “तोवर मिळालं तर उत्तम. नाहीतर समितीला कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. दारावर रखवालदार सगळ्यांच्या पिशव्या नि डबे उघडून बघतो. तुमची भाची मात्र दिवसभर बादल्या घेऊन आतबाहेर करते. तिला कोण अडवणार?”

“तिनं कशाला न्यावं? दाखवायचं तर तिलाच होतं. आणि तुम्हाला ते नको होतं, असं ऐकते.”

“नकोच होतं. मी तर म्हटलं, परत तोफेत बसवा आणि उद्घाटनानंतर पुन्हा शोधून काढा. मला चोरायची काय गरज, बाई? मी अधिकृतपणे लपवू शकतो.” संचालकांनी खाली मान घातली. “मला लाज वाटते बोलायला.”

लाज वाटते म्हणणारी माणसं पुढचं वाक्य सहसा घोकून आलेली असतात.

“बडतर्फीची कारवाई ठरलीय,” संचालक म्हणाले. “फक्त तिचं नाव घालायचं बाकी आहे.”

२

भाची गमबूट घालून फवाऱ्याखाली उभी होती.

“पाणकोंबडे, बसायला कोरडी जागा आहे का कुठे?”

“या नोकरीत नाही, आत्या.”

दोघी एका उपड्या बादलीवर आणि एका ओल्या पायरीवर बसल्या. बादली आत्याला मिळाली.

“बूच पाण्याबाहेर टिकेल किती?”

“आधी बरं दिसतं. मग कडेनं चिरा पडतात. मग तुला वाटेल कुणी विळीनं चिरलंय.”

“चोरानं पाण्यातच ठेवलं तर?”

“साध्या पाण्यात बुरशी धरते. आम्ही पाण्यात औषध घालतो. कुठेही हलवायचं तर त्याचं पाणी त्याच्याबरोबर न्यायचं. नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी हेच पाठ करून घेते मी. पाहुण्यांनाही ऐकवते. घरी जेवतानासुद्धा हेच चालतं म्हणून बाबा वैतागतात.” ती जरा हसली. “आणि औषध विषारी आहे. ज्या भांड्यात ते पाणी घेतलं ते पुन्हा तोंडाला लावायचं नाही.”

“ट्रेमधलं पाणी कुठे ओतलेलं दिसलं?”

“नाही. मोरी कोरडी होती.”

“म्हणजे चोरानं पाण्यासकट नेलं. तुझा धडा कुणीतरी मन लावून ऐकला म्हणायचा.”

भाचीचं हसू गेलं. ती उठून एका नळीचा वाल्व उगाच घट्ट करत राहिली. घट्टच होता तो.

“आत्या, तू हे सोडून दे ना. माझा निष्काळजीपणा होता असं सांग सगळ्यांना. मी मान्य करते.”

“नोकरी जाईल. पुन्हा कुठलं संग्रहालय दारात उभं करणार नाही.”

“जाऊ दे.”

निरपराध माणूस इतक्या चटकन कबुली देत नाही. गुन्हेगार तर मुळीच देत नाही. मग ही देत होती ती कुणासाठी?

३

सर म्हणजे आत्याचा थोरला भाऊ आणि भाचीचे वडील. वहिनी गेल्यापासून बापलेक दोघंच. दिवाणखान्यात त्यांच्या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक आवृत्तीत कप्तान थोडा अधिक उंच झाला होता.

“ये, छोटे,” दादा म्हणाला आणि खोकला.

तो जन्माचा खोकणारा. रुंद तोंडाच्या थर्मासमधून गरम पाण्याचे घोट घेत व्याख्यान देणं ही त्याची ओळख होती. विद्यार्थी नक्कल करायचे ती थर्मासचीच. आज तो साध्या पेल्यातलं पाणी पीत होता.

“थर्मास कुठे गेला?”

“फुटला. वय झालं होतं त्याचंही.” नव्या कवळीमुळे शब्द जरा सैल पडत होते. “हे एक दुखणं. हिरडी सोलून निघाली. दातवाल्यानं दोनदा घासून दिली, तरी काचतेच आहे.”

“दादा, बुचाबद्दल तुला काय वाटतं?”

“एका बुचानं इतिहास ठरत नाही.” हे तो वर्गात बोलावं तसं बोलला. मग आवाज उतरला. “सापडेल गं. जपूनच ठेवलं असेल कुणीतरी.”

“नाही सापडलं तर लेकीची नोकरी जाईल.”

“छे! एवढ्याशा लाकडासाठी? ताकीद देतील फार तर.” त्यानं पेला उचलला, रिकामा निघाला, तरी त्यातून एक घोट घेतला. “तिला... तिला काही बोलले का ते?”

“चोर म्हणाले.”

रविवारचं मुख्य भाषण दादाचं होतं. त्याचे कागद त्यानं उगाच सारखे केले, पुन्हा विस्कटले, पुन्हा सारखे केले. आत्या घराबाहेर पडली तेव्हा तिला बरं वाटत नव्हतं. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. पोलिसात असताना दुसऱ्यांना एवढे प्रश्न विचारले की स्वतःला विचारायची सवयच राहिली नाही.

४

कप्तानांचे वंशज दंतवैद्य होते. आत्या चौकशीला गेली आणि खुर्चीत बसली, ही तिची चूक. त्या खुर्चीत प्रश्न विचारता येत नाहीत.

“आ करा,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही बुचासाठी आलात ना? मी घेतलं असं वाटतं तुम्हाला?”

“आँ,” आत्या म्हणाली.

“साहजिक आहे. आणि उपटलं तर मीच होतं. तोफेच्या तोंडातून ते निघेना, तेव्हा तुमच्या भाचीनं मला हत्यारं घेऊन बोलावलं. आयुष्यातली सगळ्यात शांत पेशंट. ओरडली नाही, चावली नाही. चूळ भरा.”

आत्यानं चूळ भरली आणि तेवढ्यात विचारून घेतलं, “घराण्याची लाज गेली असं नाही वाटलं?”

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. “लहानपणापासून मला लोक वाघाचा बछडा म्हणतात. दर वर्षी हार घालतात. मला, बाई, स्वतःचं रक्त बघवत नाही. दुसऱ्याचं चालतं. ते बूच हातात आलं ना, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, घराण्यात आणखी कुणीतरी घाबरलं होतं.” ते लाजून हसले. “कुणाला सांगू नका. आ करा.”

बाहेर पडताना आत्या पेशंटनी थांबायच्या बाकाजवळ थबकली. भिंतीशी माशांची मोठी काचेची टाकी होती. पाणी होतं, दिवा होता, शिंपले, प्लॅस्टिकचा पाणबुड्या, तळाशी काळे गुळगुळीत दगड. मासे नव्हते.

“गेले हो,” डॉक्टर मागून म्हणाले. “सोमवारी दुपारी दाणे घातले तेव्हा नाचत होते. मंगळवारी सकाळी सगळे पोट वर करून. पेशंटना धीर यावा म्हणून ठेवले होते. आता टाकी बघून आणखीच घाबरतात. पण रिकामी करायला हात धजत नाही.”

“सगळे? एका रात्रीत?”

“सगळे. विष घातल्यासारखे.”

५

विष हा शब्द आत्यानं त्या आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकला. पण मेलेले मासे आणि हरवलेलं बूच यांचं नातं तिला लागेना. बूच लाकडाचं. लाकूड पाण्यावर तरंगतं. त्या टाकीत वर काहीच तरंगत नव्हतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

शनिवारी ती पुन्हा प्रयोगशाळेत आली. भाची आपलं सामान खोक्यात भरत होती. तेवढ्यात तिला फरशीवर म्हातारीच्या अंगाची निसटलेली एक ढलपी दिसली. सामान सोडून तिनं ती अलगद उचलली आणि शेजारच्या टाकीत सोडली. नोकरी जात असली तरी हाताला ते कळत नव्हतं.

ढलपी टुपकन तळाला गेली.

“अगं, बुडली!”

“बुडणारच. एवढी वर्षं पाणी प्यायलेलं लाकूड कसलं तरंगतंय? दगडासारखं जातं. दिसतंही तसंच, काळं.”

आत्या खोक्यावर बसली. खोकं मोडलं.

आता सगळं आपोआप जुळत गेलं, आणि जुळू नये असं तिला मनापासून वाटत राहिलं. बूच तळाच्या दगडांत होतं. तिथे ते कुणी टाकलं? डॉक्टरांनी नाही. ज्याला टाकी रिकामी करवत नाही तो आपल्या हातानं माशांवर विष ओतणार नाही. संचालकांनी नाही. त्यांना लपवायला टाकी लागत नाही, कार्यालय पुरतं. भाचीनं नाही. औषधाचं एवढंसं पाणी मोठ्या साध्या टाकीत ओतून लाकडाला काही उपयोग नाही, हे तिला ठाऊक आहे. ओतणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ‘त्याचं पाणी त्याच्याबरोबर’ हा नियम त्याला तोंडपाठ होता, अर्थ माहीत नव्हता. शाळेतली मुलं जशी शेवटच्या गोळ्याची गोष्ट म्हणतात, तसा त्यानं तो नियम पाळला होता.

राहिलं ते दारातून नेणं. थेंबही न सांडता, पाण्यासकट, रखवालदारासमोरून. घट्ट झाकणाच्या आणि रुंद तोंडाच्या अशा भांड्यातून, जे उघडून दाखवा असं म्हणायची रखवालदाराला लाज वाटेल. आणि जे भांडं नंतर पुन्हा तोंडाला लावता येणार नाही.

आत्या सरळ दवाखान्यात गेली, बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. एक दगड दगडापेक्षा हलका निघाला.

डॉक्टरांच्या तोंडाचा आ झाला.

“सोमवारी संध्याकाळी या बाकावर शेवटी कोण बसलं होतं?”

“सर,” डॉक्टर म्हणाले. “कवळी घासायची होती. मी आत होतो, बराच वेळ बसावं लागलं बिचाऱ्यांना.”

६

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” बूच स्वतःच्या पाण्यात सोडत भाची म्हणाली. “ट्रे पालथा होता, आत्या. इथे कुणी भांडं पालथं घालत नाही. आमच्या घरी चहाची बशीसुद्धा पालथी घालतात.”

ती सवय आजीची. आजीच्या दोन्ही मुलांना होती. आत्यानं तो ट्रे कुणालाही भेटायच्या आधी पाहिला होता, ओळखलाही होता, आणि मग आठवडाभर ती दुसऱ्यांच्या घरी चौकशा करत हिंडली होती. आत्याला भाचीकडे बघवेना.

दादानं दार उघडलं. दोघींची तोंडं बघून त्यानं खुर्ची शोधली.

“तडा गेला का त्याला?” त्यानं आधी हे विचारलं.

“नाही, बाबा.”

“जाळणार होतो. काडी ओढली, पण...” त्यानं हात चोळले. “पुराव्याला काडी लावायची? मी? विद्यार्थ्यांना काय शिकवलं सगळा जन्म? मग म्हटलं, लपवू. कप्तानाच्या घरी राहू दे. निदान ओलं राहील.”

“आणि ही?” आत्यानं विचारलं. “हिचं नाव पुढे आलं तेव्हा?”

“ताकीद देतील असं वाटलं.”

“मी येऊन सांगितलं तुला. चोर म्हणाले, म्हटलं. या इथे बसून सांगितलं.”

“हो,” दादा म्हणाला. “तोवर उशीर झाला होता, छोटे. एक दिवस गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी काय तोंडानं बोलायचं?”

“मी बोलले असते का काही?” भाची म्हणाली. “बूच निघालं तेव्हा तुम्हालाच आधी दाखवलं मी. वाटलं, तुम्ही म्हणाल, चुकलो, चल, नवीन लिहू. मी मदत करणार होते.”

दादानं पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

आत्यानं संचालकांना फोन केला. बूच मिळाल्याचं ऐकून त्यांना गहिवरून आलं. सरांचं नाव निघताच गहिवर ओसरला.

“सरांचं नाव घेता येणार नाही,” ते म्हणाले. “ते मुख्य वक्ते आहेत, निमंत्रणपत्रिका गेल्यात. आपण असं करू. बूच सापडलं. म्हातारीनं कुणावर गोळा झाडला नाही, म्हणजे ती शांततेची दूत! सर नवं पुस्तक लिहितील. निष्काळजीपणाचा ठपका मात्र कुणावर तरी ठेवावाच लागेल. समितीला चोरी कळलीय. मुलगी तरुण आहे, तिला दुसरीकडे मिळेल.”

फोनचा आवाज मोठा होता. खोलीतल्या तिघांनीही ऐकलं. दादानं भाषणाचे कागद उचलले, सारखे केले आणि केराच्या टोपलीत ठेवले.

“उद्या येशील ना?” त्यानं लेकीला विचारलं.

भाची दारात जाऊन गमबूट चढवू लागली.

७

रविवारी म्हातारीचे फवारे समारंभापुरते बंद ठेवले होते. दालन खुर्च्यांनी भरलं होतं. पहिल्या रांगेत समितीचे अध्यक्ष, संचालक, हार घातलेले दंतवैद्य. आत्या चौथ्या रांगेत. भाची शेवटी, भिंतीला टेकून, गमबुटांत.

सर उभे राहिले. हातात कागद नव्हते.

“या जहाजानं एकही गोळा डागला नाही,” ते म्हणाले. “ते लढलं नाही. आपल्याच किनाऱ्यावरच्या लोकांदेखत कलंडलं आणि बुडालं. मी लिहिलेली गोष्ट खोटी आहे. तुम्ही ती पाठ केलीत, तुमच्या मुलांनी पाठ केली.”

ते श्वास घ्यायला थांबले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्य वक्ता थांबला की टाळ्या वाजवायच्या, हे सभागृहाला कुणी शिकवावं लागत नाही.

सर गोंधळले. त्यांनी माईक जवळ ओढला.

“तोफेच्या तोंडात बूच होतं. माझ्या मुलीनं ते शोधलं. मी ते चोरलं. तिला चोर म्हणाले, तेव्हा मी गप्प बसलो. तिनं सगळं ओळखलं होतं, माझ्यासाठी तीही गप्प बसली. तिचा काडीचा दोष नाही. दोष माझा आहे.”

पुन्हा टाळ्या, या वेळी जास्त जोरात. मागे दोनचार जण उठून उभे राहिले. कार्यक्रम संपला असं त्यांना वाटलं असावं. सर हात जोडून उभे होते, मान खाली, आणि त्या नमस्कारामुळे टाळ्या आणखीच वाढल्या.

भाची भिंतीपासून जरा पुढे आली. ती बापाकडे बघत होती. बापाला वर बघवत नव्हतं.

पहिल्या रांगेत समितीच्या अध्यक्षांचे हात थबकले. ते संचालकांकडे वळले.

“चोरलं म्हणाले का हो ते?”

संचालक कपाळ पुसत राहिले. शेजारचे दंतवैद्य अध्यक्षांकडे झुकले आणि शांतपणे म्हणाले, “हो. चोरलं, असंच म्हणाले. आणि मुलीचा दोष नाही, असंही.”

अध्यक्षांनी हात मांडीवर ठेवले. त्यांचं बघून शेजाऱ्यांनी ठेवले, मग दुसऱ्या रांगेनं, मग तिसऱ्या. टाळ्या पुढून मागे अशा विरत गेल्या. ‘काय म्हणाले?’ ‘कोण चोर?’ अशी कुजबुज झाली आणि तीही थांबली.

दालन चिडीचूप झालं. तरी कुठेतरी एक जोडी हात वाजतच होते. लोक माना वळवून बघू लागले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दादा थांबला की सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायच्या, हे काम आत्याकडे असायचं. ते हात आपले आहेत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.